न वाकणारे तीन राजे

आरतीबाई नेमक्या कशा होत्या, असं धर्माजी शिंप्याला कुणी विचारलं, तर त्याला धड चार वाक्यं सांगता यायची नाहीत. नारायणगावाबाहेरच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या हायस्कुलात त्या नाटक, गाणं आणि चित्रकला शिकवायच्या. त्यांचं गाव डिंभे धरणाच्याही वर, भातशेतीचं. चहा बिनसाखरेचा. टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय. झालं, एवढंच. त्यांना भावंडं किती, नाटकाचं वेड लागलं कुठून, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. नाताळ जवळ आला की बाई दुकानात यायच्या, नाताळ झाला की ओळख पुढच्या वर्षापर्यंत घडी घालून ठेवली जायची.

धर्माजीची उमेदीची सारी वर्षं तमाशाच्या फडांचे कपडे शिवण्यात गेली होती. अलीकडे फडवालेही तयार कपडे आणू लागले आणि त्याच्या मशीनवर पॅन्टच्या चेनी अन् पडद्यांच्या कडा येऊन पडल्या. बोटांना जरीचं कापड लागायचं ते वर्षातून एकदा, शाळेच्या नाटकापुरतं.

त्या वर्षी तेवढ्या कामाचाही घोर लागला. मोठ्या सिस्टरांचं म्हणणं पडलं, की कपडे पुण्याहून भाड्याने आणू, मोबाइलवर फोटो बघून निवडता येतात. आरतीबाई अडून बसल्या. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "बरं, या वर्षी काकांकडून घ्या. नीट झालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून पुणं."

बाईंनी हे दुकानात येऊन जसंच्या तसं सांगितलं. "सांगू का नको, असं होत होतं. पण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं."

धर्माजी नुसता टेप गुंडाळत राहिला. त्याची बायको सारजाबाई आतून म्हणाली, "लई चांगलं केलं बाई. आता हे सोता झोपायचं न्हाईत अन् मलाबी झोपू द्यायचं न्हाईत."

नाटक येशूच्या जन्माचं. बाईंचा एक नियम होता, वर्गातलं प्रत्येक पोर स्टेजवर आलंच पाहिजे. जे बोलत नाही ते मेंढरू, जे हलत नाही ते झाड. त्यामुळे बाळ येशूच्या गव्हाणीभोवती मोठा कळप आणि जंगलही बऱ्यापैकी दाट असायचं.

"तीन राजे पाहिजेत, काका. लांबून आलेले, तालेवार."

धर्माजीच्या अंगात वारं शिरलं. मेंढपाळाला घोंगडी, देवदूताला पांढरा झगा, त्यात शिंप्याचं काय काम? पण राजा म्हणजे त्याच्या घरचा विषय. लाल मखमल आणली. कॉलरपासून घोट्यापर्यंत आतून कडक बकरम घातला, छातीत कापूस भरला, वर टिकल्या. फडातला राजा येतो, छाती काढून उभा राहतो, मिशीवर ताव देतो आणि प्रधानाला राज्याची खबरबात विचारतो. तो कुणापुढे वाकत नाही, म्हणून त्याचा कोटही वाकायला बेतलेला नसतो. हे तीन राजे येऊन करतात काय, तेवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

नाटकाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. पहिला राजा स्वराज, टोमॅटोच्या व्यापाऱ्याचा मुलगा. कोट अंगावर चढताच त्याची चालच पालटली. मिशी नव्हती, तरी हात तिथे जाऊन आला.

"छान. आता गव्हाणीपुढे गुडघे टेका," बाई म्हणाल्या.

स्वराज अर्ध्यात अडकला. मागचा दुसरा राजा भरत, त्याने टेकायला जोर लावला, तर तो आडवाच झाला आणि त्याला उठता येईना. दोन मेंढरांनी ओढून त्याला उभं केलं. तिसऱ्या राजाने हे बघून प्रयत्नच केला नाही. पोरं हसून लोळली. झाडंसुद्धा हलली. शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं दाराशी उभ्या असलेल्या धर्माजीला वाटलं.

"बाई, माझंच चुकलं," तो खाली बघत म्हणाला. "बकरम काढायचा तर आख्खा कोट उसवावा लागंल. तुमी पुण्यालाच फोन करा."

"उद्या नाटक, काका. आता पुण्याहून कोण येतंय?" बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि स्वराजपुढे बसल्या. "काय रे, ओझरला गणपतीच्या दर्शनाला जातोस, तेव्हा आधी काय करतोस?"

"चपला काढतो."

"आणि राजा असतास तर?"

स्वराजने स्वतःकडे खालीवर बघितलं. "कोट?"

"काढून बघ."

निघेना. हुकं पुढून कडेकोट. पण आता धर्माजीला काम दिसलं. हुकं उसवून एकच नाडी लावायची, ओढली की कोट मोकळा. आत मांजरपाटाचा साधा सदरा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मशीन थांबलं नाही. सारजाबाई नाड्या ओवत म्हणाली, "राजाला नाडी. जन्मात पयल्यांदाच बघते."

संध्याकाळी राजे आले तेव्हा आईबापांनी फडातला राजा लगेच ओळखला. "या महाराज," असा मागून आवाजही आला. स्वराज गव्हाणीपुढे थांबला. नाडी ओढली. कोटातून बाहेर आला. बकरमाचा कोट मात्र खाली पडलाच नाही, होता तिथे तसाच उभा राहिला. मग दुसरा. मग तिसरा. लोक हसले आणि हळूहळू गप्प झाले. तीन रिकामे कोट छाती काढून उभे, आणि त्यांच्यापुढे सदऱ्यातली तीन पोरं गुडघ्यांवर.

नाटक संपल्यावर मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "कोट असे उभे राहणार, हे ठरवलेलं होतं?"

"तर काय. काकांनी मुद्दाम तसे शिवलेत," बाई म्हणाल्या. धर्माजी चपलेचा अंगठा न्याहाळत राहिला.

"मग पुढच्या वर्षीही त्यांनाच सांगा."

पुढच्या वर्षी सांगायला बाई नव्हत्या. जूनमध्ये त्यांना घोडेगावच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत नोकरी लागली. जायच्या दिवशी त्या पिशवी घेऊन दुकानापाशी थांबल्या. नव्या बाईंना दुकान दाखवून ठेवलंय, नाताळाआधी त्या मापं घेऊन येतील, म्हणाल्या. धर्माजीला पुष्कळ बोलायचं होतं. समोर मंचरची जीप हॉर्न देत होती.

"जीप भरलेली दिसतीय," तो म्हणाला. "जागा मिळंल का?"

"मिळेल की. नाय तर पुढं, डायव्हरपाशी."

"बरं. सावकाश जा."

"येते, काका."