नोंडी चित्तीची फेरी

आमच्या घरात माणसाला हाक मारायची ती त्याच्या व्यंगाने. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. थोरल्या काकांना ऐकू येत नव्हतं, ते ‘सेविडु’ काका, म्हणजे बहिरे काका. जन्मभर ते त्या हाकेला ‘ओ’ देत राहिले, अर्थात ऐकू आली तर. आणि मी ‘नोंडी’. तमिळमध्ये नोंडी म्हणजे लंगडी. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय वाळला आणि बारशाचं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. आमचं कुटुंब तंजावरकडचं, कैक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. घरात मराठी बोलतो, पण भांडायचं आणि लाड करायचे ते तमिळमध्ये.

माझं लग्न जमवतानाही घरच्यांनी हाच हिशेब धरला. जाड भिंगांच्या चष्म्याचा एक मुलगा शोधून काढला. अशा चष्मेवाल्याला आमच्याकडे ‘सोडाबुड्डी’ म्हणतात, सोड्याच्या बाटलीचा तळ. “त्याला दिसत नाही, हिला पळता येत नाही, जोडा टिकेल,” असं माझी आई भर मांडवात म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. जोडा टिकला.

बहिणीची मुलगी पहिलीपासून माझ्याकडेच राहिली. मेहुण्यांची नोकरी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, तिथे चांगली शाळा नव्हती, म्हणून तिला चेन्नईत, तिरुवल्लिकेणीला आमच्या फ्लॅटवर ठेवली. मला मूल नव्हतं. तिच्या वेण्या, तिचे ताप, तिची दहावी, सगळं मी केलं. ती मला ‘नोंडी चित्ती’ म्हणायची. चित्ती म्हणजे मावशी. जिन्यावरून ती तसं ओरडायची तेव्हा खालच्या भाजीवाल्यालाही कळायचं की पोरगी शाळेतून आली.

अशी हाक दुसरीकडे कशी वाजते ते माझ्या बँकेने मला दोन वर्षं नाशिकला धाडलं तेव्हा समजलं. तिथे मला तोंडावर कुणी लंगडी म्हणालं नाही. शाखेतले लोक “मॅडमच्या पायाला जरा प्रॉब्लेम आहे” असं आवाज खाली करून सांगायचे, जणू घरात कुणी गेलं आहे. लंगडी हा शब्द तिथे भांडणासाठी राखून ठेवलेला. पासबुकावरून चिडलेल्या एका गिऱ्हाइकाने तो एकदा काउंटरवर बाहेर काढला आणि सगळी शाखा थिजली. मी मात्र शिक्का मारत राहिले. उलट शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला लाडाने “अगं येडे” म्हणाली तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. आमच्याकडे ‘लूसु’ म्हणतात तसंच हे प्रेमाने म्हणायचं असतं, हे तिलाच मला समजावून सांगावं लागलं.

भाची शहराबाहेर सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि तिथेच तिने पुण्याचा मुलगा पसंत केला. त्याची आई आमच्या घरी आली. गोरी, सावकाश बोलणारी, प्रत्येक वाक्याला ‘हो’ लावणारी बाई. बैठकीत भाचीने सवयीने हाक मारली, “नोंडी चित्ती, अजून दोन काफी!” मी काफी घेऊन आले. त्या बाईंनी शेजारी कुणाला तरी शब्दाचा अर्थ विचारला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, असं नाही म्हणायचं,” त्या भाचीला म्हणाल्या. “किती लागत असेल त्यांना! दिव्यांग म्हणावं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कुणी एवढंसं बोललं नव्हतं, आणि मलाही ते कधी हवंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी ते मनापासून आवडलं. भाची लाजली, जीभ चावली. त्यानंतर तिने मला नोंडी म्हणणं सोडलं. पुढे पुढे हाक मारणंच सोडलं. काही हवं असेल तर जवळ येऊन उभी राहायची.

थोड्या दिवसांनी त्याच बाईंचा माझ्या बहिणीला फोन आला. “त्यांचं ते जन्मापासून आहे का हो? म्हणजे घराण्यात वगैरे?” बहिणीने घाईघाईने सांगितलं की नाही, नाही, पोलिओ. “पोलिओ ना? मग बरं झालं बाई,” असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. बहिणीने हे मला आनंदाने येऊन सांगितलं. मला पोलिओ झाला म्हणून इतकं हायसं वाटलेली माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

मग ‘ऊंजल’चा विषय निघाला. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवतात. घरच्या सुवाशिणी दिवा आणि पाण्याचं भांडं घेऊन, पाण्याची बारीक धार सोडत झोपाळ्याभोवती फिरतात. आमच्या घरात पाण्याचा मान मुलीच्या मावशीचा. चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात मी तो घेतला होता. अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं. “नोंडी, नवरदेवाला आंघोळ घालतेस का?” म्हणून अख्खा मांडव खिदळला होता. पण भांडं माझ्या हातातून कुणी काढून घेतलं नव्हतं.

बहीण म्हणाली, “या वेळी मी फिरते. तुझ्या या कंडिशनमध्ये...”

“कंडिशन?” मी म्हटलं. “ती तुला आज दिसली?”

“त्यांचे लोक मोबाइलवर लाइव्ह बघणार आहेत. त्यांच्यात अशा कामाला अव्यंग सुवाशीण लागते म्हणे. विहीणबाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं गं. तुझीच काळजी वाटते त्यांना.”

आता माझं डोकं फिरलं. त्या बाईंचा एक डोळा नाकाकडे बघतो हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्या पाहुण्या म्हणून मी मूग गिळून बसले होते. “त्या चकणीला सांग,” मी म्हटलं, “की आधी आरशात सरळ बघून दाखव आणि मग मला अव्यंग शिकव. आणि वर हेही सांग की सरळ बघता आलं नाही तर मी तिला दिव्यांग म्हणेन, काळजी नको.”

भाची आतल्या खोलीत होती. ती दारात आली. मला वाटलं, आता ही बोलेल. म्हणेल की फिरेल तर माझी चित्तीच फिरेल, नाहीतर झोपाळाच नको. तेवढं एक वाक्य मला हवं होतं. तिच्यासाठी जे काही केलं त्याच्या बदल्यात नव्हे. फुकटच हवं होतं.

“किती घाण बोलतेस गं चित्ती,” ती म्हणाली. “आणि एवढं काय त्यात? तुला पुढच्या रांगेत स्पेशल खुर्ची सांगितली आहे मी.”

लग्नाच्या सकाळी ती खुर्ची होती. मऊ उशी, समोर पंखा, बाजूला पाण्याची बाटली. इस्पितळातून सुटून आलेल्या माणसाची करावी तशी बडदास्त. नादस्वरम सुरू झालं, बायकांनी ऊंजलची गाणी धरली. भाची झोपाळ्यावर बसली. गोड दिसत होती, खोटं का बोलू? बहिणीने भांडं उचललं. मी उठले, पाय ओढत तिच्यापर्यंत गेले आणि भांडं तिच्या हातातून घेतलं. हिसकावलं म्हटलं तरी चालेल.

गाणं अडखळलं. झोपाळ्यावरून भाचीचा आवाज आला, अगदी शांत, ऑफिसात बोलते तसा. “कुणीतरी त्यांना बसवा ना, प्लीज.”

इव्हेंटवाल्यांचा एक माणूस आला आणि त्याने माझा कोपर धरला. “नोंडिदान, सागलै,” मी त्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. लंगडीच आहे, मेलेली नाही. त्याने हात सोडला. बिचारा हसलाही. त्या मांडवात माझं बोलणं नीट कळलेला तो एकटाच असावा.

मी चालू लागले. डाव्या पायावर भार आला की भांडं कलंडायचं आणि बारीक धार सोडायची तिथे पाणी भसकन सांडायचं. गालिच्यावर सांडलं. विहीणबाईंच्या पैठणीवरही सांडलं. ते मात्र पायामुळे नव्हे. मोबाइल माझ्यामागून फिरत होता. पुण्यात, अमेरिकेत, जिथे कुठे लोक बघत होते तिथे माझा वाळका पाय नीट दिसला असेल. दिसावा म्हणूनच मी साडी जरा वर धरली होती.

फिरून समोर आले तेव्हा भाचीने मान किंचित खाली केली. कॅमेऱ्यासाठीचं हसू तसंच होतं.

“तिरुप्तिया, नोंडी?” ती पुटपुटली. झालं समाधान?

पुढे चित्ती नव्हतं. आजवर या शब्दाने मला कापलं नव्हतं. त्या सकाळी त्याने आरपार कापलं, कारण तो माझ्याच पोरीच्या तोंडून नाशिकच्या त्या गिऱ्हाइकासारखा आला होता. मला तिथेच भांडं टाकून रडावंसं वाटलं. तिचा तो सजवलेला गाल धरून तिला हलवावंसंही वाटलं.

फेऱ्या तीन घालायच्या असतात. मी दुसरी सुरू केली.