मेणावरची मूठ

लोहारदादांकडे शिकारीची सुरी मागायला गेलं की आधी हातात मेणाचा गोळा यायचा. "दाबा," दादा म्हणायचे. "जनावर अंगावर आलंय असं समजून दाबा." गिऱ्हाईक ओशाळून दाबायचं, आणि गोळ्यावर उमटलेल्या बोटांवरून दादा मूठ घडवायचे. ज्याचा हात, त्याचीच सुरी. घाई असेल त्याला ते सरळ बाजाराचा रस्ता दाखवत. तिथे यंत्रातून निघालेल्या सुऱ्या ढिगाने मिळतात, त्यातली कुठलीही घ्या नाहीतर घेऊ नका, काही फरक पडत नाही.

दादांचं पातं मात्र भट्टीत लाल व्हायचं, ठोकलं जायचं, पाणी प्यायचं, आणि मनासारखं उतरलं नाही तर पुन्हा भट्टीत जायचं. वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या सुऱ्या. लोक त्यांच्यासाठी जीव टाकत.

समोर बसून गोळा दाबायचा हा नियम दादांनी एकाच माणसासाठी सैल केला होता. बालमित्र होता तो. त्याला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी त्याने कधी चढली नव्हती, पण तोंड असं चालायचं की समोरच्याने न केलेला गुन्हा कबूल करावा. वकील जंगलापलीकडच्या लोकांसाठी सुऱ्या न्यायचा आणि त्यांच्या मुठींचे गोळे डब्यात घालून आणायचा.

"हा डावखुरा वनरक्षक. अस्वलाने बोट तोडलंय बिचाऱ्याचं."

दादा हळहळले. तुटक्या बोटासाठी त्यांनी मुठीला वेगळी खाच ठेवली, आणि पुढे कित्येक महिने विचारत राहिले, "तुझ्या वनरक्षकाला मूठ बसली का रे?"

"बसली म्हणजे? उशाशी घेऊन झोपतो तो!"

दादांना मुलगी एकच. शाळेतून आली की दप्तर फेकून भाता चालवायला बसायची. पुढे घण उचलायला लागली. तापल्या पोलादाचा रंग बघून "आता!" म्हणायची, आणि तिचं आता म्हणजे आताच असायचं. एकदा तिने अख्खं पातं एकटीने घडवलं. दादांनी ते नखावर टेकवलं, उजेडात तिरपं धरलं, आणि मुकाट्याने वकिलाच्या हातात दिलं. तो शेजारीच बसला होता, आणि दादांना कुठल्याही गोष्टीत आधी त्याचं मत लागायचं.

वकिलाने पातं उलटसुलट करून बघितलं. "छान आहे. पण ठोक्या, लोकांना तुझा हात हवाय. बापलेक दोघं ठोकायला लागलात तर तुझी कुठली आणि हिची कुठली, कोण सांगणार? नाव घालवून बसशील."

दादांनी मान डोलावली. मुलीला म्हणाले, "राहू दे हे. तू दुसरं काहीतरी बघ."

तिने हात धुतले आणि दुसरं काहीतरी बघितलं. शहरातल्या कारखान्यात पिशव्या शिवायला लागली. लग्न करून तिथेच राहिली.

पुढे दादांना जवळचं दिसेना, म्हणून ते चष्मा करायला शहरात गेले. चष्मेवाल्याच्या शेजारी दुर्मिळ वस्तूंचं दुकान होतं. काचेच्या कपाटात, मखमलीवर, त्यांच्या सुऱ्या मांडलेल्या. एक नाही, ओळच्या ओळ, आणि पात्यांवर एक ओरखडा नाही. डावखुऱ्या वनरक्षकाचीही होती, खाचेसकट. दादांच्या मनात आधी काय यावं? बिचारा वनरक्षक गेला असणार आणि बायकोने विकली असणार. भोळेपणालाही काही हद्द असते, पण दादांना ती कधी सापडली नाही.

दुकानदार उठून आला. "किंमत ऐकून दचकू नका. असं काम आता होणार नाही. कारागीर गेला."

"कुठे गेला?"

"कुठे म्हणजे? वारला."

दादांनी कपाटाला हात टेकला. "कशाने?"

"भट्टीपाशी बसल्या बसल्या. हातोडा हातात तसाच. भाग्यवान म्हणायचा."

"आणि मागे कोणी?"

"कोणी नाही. ना मूल, ना शिष्य. म्हणून तर एवढा भाव. त्यांचे बालमित्रच मला आणून देतात, शिल्लक आहेत तेवढ्या. सांगताना ढसाढसा रडले हो, इथेच, या स्टुलावर."

आपल्याच मरणाची बातमी कळल्यावर काय बोलावं हे कोणी शिकवत नाही. दादा "अरेरे" म्हणाले आणि बाहेर पडले. चष्मा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी वकील नवा गोळा घेऊन हजर. दादांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी मेलो कधी रे?"

वकील हसला. "कळलं होय तुला? अरे, कापायला सुरी कोण घेतंय आता? लोक शेवटची सुरी घेतात. शेवटची म्हटलं की तुटून पडतात. तुझं नाव मोठं केलं मी."

"आणि वनरक्षक?"

"माझा मेहुणा. बोट दुमडून दाबायला लावलं त्याला."

"माझ्या मुलीला का पुसून टाकलंस?"

"तिने ठोकायला घेतलं असतं तर शेवटची कुठली राहिली असती, ठोक्या?" वकिलाने हे इतक्या सरळपणे सांगितलं की त्यात काही लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटतच नसावं.

दादांच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याला भाऊ मानलं, त्याने जिवंतपणी मातीत घातलं, वर पोरीच्या हातातलं कामही काढून घेतलं. त्यांनी मेणाचा गोळा उचलून वकिलाच्या छातीवर फेकला. "चालता हो. पुन्हा या दारात दिसू नकोस."

मग त्यांनी तडक मुलीचा कारखाना गाठला. चहाच्या सुट्टीत ती फाटकाशी आली. बोटांना सुईपासून जपायला पट्ट्या गुंडाळलेल्या. दादांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"फसवलं गं त्याने आपल्याला. तुझ्या पात्यात काही खोट नव्हती. चल घरी. आता भट्टी तुझी."

ती शांतपणे ऐकत होती. "तुम्हाला फसवलं, बाबा. फार वाईट झालं."

"आणि तुला नाही?"

"मला तो कसा फसवेल? मी त्याला विचारलंच कुठे होतं? मी पातं तुमच्या हातात दिलं होतं. तुम्ही ते उजेडात धरलंत तेव्हा मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते. ते चांगलं आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

आत घंटा वाजली.

"उन्हाचे जाऊ नका, जरा सावलीत बसून निघा," ती म्हणाली आणि कामावर गेली.