बांधा मजबूत

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यामुळे लिहायचं असेल ते सगळं माझ्याकडे यायचं. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेतला फॉर्म, शेजारच्या म्हातारीच्या पेन्शनचे कागद. दादाच्या लग्नाचा बायोडाटाही मीच लिहिला. त्यात माझी चूक झाली आणि ती मी बरेच दिवस मदतच समजत होतो.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव दिंडोरीच्या अलीकडे. वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत रोजंदारीवर जायचे आणि दहावीनंतर दादाही जायला लागला. नाशिकला माझी खोली, खानावळ, पुस्तकं, बी.एड.ची फी, सगळं त्याच्या कामावर चाललं. त्याने हे एकदाही बोलून दाखवलं नाही. आज मी शाळेत शिकवतो, मुलं मला सर म्हणतात, ते त्याच्यामुळे.

बागेत गड्यांची कामं वेगळी आणि बायांची वेगळी. फवारणी, ट्रॅक्टर, छाटणी गड्यांकडे. थिनिंग बायांकडे. कोवळ्या घडातले दाटीचे मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. दादाचा हात इतका हलका होता की मालक त्याला मुद्दाम बायांच्या ओळीत लावायचा. अंगानेही तो बारीक, आवाज मऊ. गडी त्याला वहिनी म्हणायचे. एकदा मी सुट्टीत बागेत गेलो होतो, तेव्हा फवारणीचा पाइप गुंडाळत बसलेला एक जण त्याला म्हणाला, "वहिनी, इकडं कुठं? बायांची लाइन तिकडं हाय."

"तिकडंच चाललोय," दादा म्हणाला. "तुझ्या बायकोची ओळ मागं पडलीय. घरी तूच तिला लय दमवतो वाटतं, भांडून भांडून."

सगळे हसले, दादाही हसला. मला मात्र लाज वाटली. त्या माणसाची नाही, दादाची.

दादा एकोणतीस वर्षांचा झाला तेव्हा घरात लग्नाची घाई सुरू झाली. गावातली त्याच्या वयाची मुलं बाप झाली होती. वडील मला म्हणाले की तू शिकलेला आहेस, नीट कागद तयार कर. मी मनापासून तयारीला लागलो. नाशिकहून प्रोटीन पावडरचा डबा आणला. दादा ती दुधात घालून औषधासारखी नाक दाबून प्यायचा. दोन महिन्यांत अंगावर काही चढलं नाही. मग मी बायोडाट्यात लिहिलं, बांधा मजबूत. व्यवसायाच्या पुढे लिहिलं, द्राक्षबाग सुपरवायझर.

राहिला फोटो. मार्चअखेरीचे दिवस होते, काढणी संपत आली होती. मालकाचा ट्रॅक्टर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ उभा होता. दादाचे खांदे भरलेले दिसावेत म्हणून मी त्याला दोन बनियन, त्यावर माझा बिनबाह्यांचा स्वेटर आणि वरून शर्ट घालायला लावला. खोलीत उकडत होतं. मी त्याची बटणं लावत होतो आणि तो घामाघूम होऊन लहान पोरासारखा हात पसरून उभा होता. मी शेवटचं बटण लावत असताना त्याने माझं मनगट धरलं.

"बारक्या, मला लग्न नको."

मी म्हणालो, सगळ्यांना आधी असंच वाटतं.

"तसं नाय. मला बाईमाणूस नको. कधीच नको वाटलं. माझं मन गड्यामाणसावर जातं. आईबापाला हे सांगून कळणार नाय. तू शिकलाय म्हणून तुला सांगतो."

हे वाक्य माझ्याकडे सोपवायला त्याला किती वर्षं लागली असतील, ते मी आता मोजतो. तेव्हा मी एवढंच म्हणालो की असं काही नसतं, तू सदा बायांच्या ओळीत असतोस म्हणून डोक्यात येतं. व्यायाम कर, अंग भरू दे, लग्न झालं की सगळं ठीक होईल. मी पदवीधर होतो. मानसशास्त्राचा एक पेपरही दिला होता. आणि फवारणीचा पाइप गुंडाळणाऱ्या त्या माणसाला जेवढं कळत होतं, तेवढंच मलाही कळत होतं. दादाने माझं मनगट सोडलं. मग तो ट्रॅक्टरवर चढला आणि मी सांगितलं तशी छाती पुढे काढून बसला.

फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. हरसूलकडचं एक स्थळ आलं. माणसं साधी होती. मुलगी बारावी झालेली, कमी बोलणारी. त्यांना दादा आवडला, साखरपुड्याची तारीख ठरली. आईने नवं पातळ आणलं.

साखरपुड्याच्या आठ दिवस आधी, हरसूलच्या बाजाराच्या दिवशी, दादा कुणाला न सांगता तिकडे गेला. मुलगी तिच्या आत्याबरोबर बाजारात आली होती. त्या दोघींना बाजूला घेऊन तो म्हणाला की मी कुणाही बाईचा नवरा होऊ शकणार नाही, तुम्हीच लग्न मोडा आणि दोष माझ्यावर घाला, म्हणजे मुलीच्या नावाला धक्का लागणार नाही. हे मला नंतर त्या आत्याकडूनच कळलं. तिने दादाला शिव्या दिल्या नाहीत. मुलगी रडली, पण जाताना म्हणाली, बरं झालं आधी सांगितलं.

मुलीच्या चुलत्यांनी मात्र आमच्या गावात येऊन सांगितलं, तुमचा पोरगा नामर्द आहे. तो शब्द संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत पोचला. वडील ओट्यावर बसून होते. त्यांनी मला समोर बोलावलं आणि विचारलं, "तुला ठाऊक व्हतं का?"

दादा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी हो म्हणालो असतो तर त्या घरात त्याच्या बाजूने निदान एक माणूस असतं.

मी म्हणालो, "नाही."

तीन आठवड्यांत दादा पिंपळगावला गेला. तिथल्या एका पॅकहाऊसमध्ये घड साफ करून पेटीत भरायचं काम त्याला मिळालं. आईला तो फोन करतो, मला नाही. वडील त्याचं नाव काढत नाहीत.

यंदा, पाच वर्षांनी, मी वडिलांना खरं सांगितलं. म्हणालो की मला ठाऊक होतं, त्याने मला आधीच सांगितलं होतं. वडील ताटावरून उठून गेले. पुढच्याच रविवारी मी पिंपळगावला गेलो. दादा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. डोक्यावर कामावरची जाळीची टोपी तशीच होती. थोडा जाड झाला होता. आम्ही हायवेच्या कडेला टपरीवर बसलो.

मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं. "मग आता तुझ्याशीपण बोलत नसंल म्हातारा," तो म्हणाला.

"नाही बोलत."

"आईला सांभाळ. तिला दोघांच्या मधी उभं राहावं लागतं."

मी माफी मागितली. शब्द जुळवून आणले होते, ते अर्धेच आले. तो चहाचा ग्लास फिरवत राहिला. मग मी विचारलं की कुठे राहतोस, खोली बघायला येऊ का.

"एकाबरोबर राहतो," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. पण तू एवढ्यात येऊ नको. मला राग नाय राहिला, बारक्या. त्याला हाय. त्याला मी सगळं सांगितलंय."

त्याच्यासाठी रागावणारं कुणीतरी आहे, याचं मला बरं वाटलं. आणि ते मी नव्हतो, याचं काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही.

कामाची वेळ झाली. चहा त्यानेच पाजला. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात परत येतो. तो म्हणाला, "ये. टपरीवर बसू," आणि टोपी नीट करत आत गेला.