नमपॅडवरची शिडी

मी टायपिंग चांगलं करतो, हे आधीच सांगून टाकतो. कर्जतला क्लासमध्ये लोखंडी मशीनवर शिकलो, मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात काढल्या आणि मिरजगावात स्टँडजवळ दुकान टाकलं ते आजही चालू आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बायोडाटा, ऑनलाइन फॉर्म. गिऱ्हाइकाशी बोलत बोलत, कीबोर्डकडे न बघता टाइप करतो. बोटांच्या बाबतीत मला कुणी शिकवावं असं आता फारसं काही राहिलेलं नाही.

तरी कीबोर्ड निवडायला मुलगी आली. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा दुकानात बसून माझा जुना कीबोर्ड पालथा करून झटकत होती. त्यातून काय काय पडलं ते सांगत नाही. मग तिने तो सरळ केला आणि बघत राहिली.

"पप्पा, अक्षरं सगळी पुसलीत. स्पेसबारला तर खड्डा पडलाय. आणि उजवीकडचा हा आकड्यांचा नमपॅड असा कोरा करकरीत कसा?"

"वापरत नाही."

"दिवसभर आधार नंबर, मोबाईल नंबर टाकता आणि नमपॅड वापरत नाही?"

"वरच्या रांगेतून टाकतो. मशीनवर तसंच शिकलो."

तिने पुढे विचारलं नाही. मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन देते म्हणाली. जुन्या टाइपरायटरसारखा दिसणारा मिळतो, बोटंही दुखणार नाहीत. मी नाही म्हणालो नाही. करंगळी हल्ली सकाळी आखडलेली असते.

आठ दिवसांनी नगरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही भेटलो. दुकानदाराने काचेवर दोन कीबोर्ड मांडले. दोन्ही सायीच्या रंगाचे, बटणं गोल, कडेला चकाकती पट्टी, आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटा दांडा. तो ओढला की आवाज कमीजास्त होतो. जुन्या मशीनवर ओळ संपली की जो दांडा ढकलायचा, त्याची नक्कल. बरी केली होती.

बटणांखालचे स्विच तीन तऱ्हेचे असतात. निळा दाबला की टक वाजतो, लाल गुळगुळीत खाली जातो, तपकिरी मधला. वाजत नाही पण दाबलं गेलं हे बोटाला कळतं. मी डोळे मिटून तिन्हींवर एक एक परिच्छेद काढला. निळ्यावर हात ठेवताच क्लासमधल्या वीस मशीनी एकदम आठवल्या. तरी तपकिरी घ्यायचं ठरवलं. गिऱ्हाईक नाव-गाव सांगत असतं तेव्हा ते ऐकू आलं पाहिजे. या ठरवण्याला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आता साइज," दुकानदार म्हणाला. "हा मोठा, नमपॅडसकट. हा धाकटा, बिननमपॅडचा. तुमचं फॉर्मचं काम, म्हणजे मोठाच."

"धाकटा द्या."

"का?" मुलीने विचारलं.

"जुन्या मशीनला नमपॅड नव्हता. जुन्यासारखा घ्यायचा तर सगळाच जुन्यासारखा."

"सर, जुन्या मशीनला यूएसबी पण नव्हती," दुकानदार म्हणाला.

मुलगी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "आम्ही जरा चहा घेऊन येतो," तिने त्याला सांगितलं आणि मला बाहेर काढलं. "पप्पा, नमपॅडचं काय आहे ते सांगा. तुम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

सोळा वर्षं मी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. चहाच्या गाड्यावरच्या बाकड्यावर बसून मुलीला सांगितलं.

आमच्या बाजारात एक बांगडीवाली आहे. सगळं गाव तिला भाभी म्हणतं. माझ्या लग्नाचा चुडा तिने भरला, मुलीच्या पहिल्या बांगड्याही तिनेच भरल्या. लिहिता-वाचता येत नाही, पण हात नुसता दाबून माप सांगते, दोन-चार की दोन-सहा, आणि कधी चुकत नाही. तेव्हा तिच्याकडे बटणांचा साधा मोबाईल होता. आपला नंबर तिला तोंडाने सांगता यायचा नाही. अंगठा कुठून कुठे फिरतो ते पाठ होतं. कुणी नंबर विचारला तर ती तळहातावर अंगठ्याने गिरवून दाखवायची आणि लोक हसत हसत लिहून घ्यायचे.

तिची मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. मुलगी त्या दिवशी शाळेत दाखला आणायला गेली होती, म्हणून कागद घेऊन भाभी एकटीच आली. मोबाईल घरी चार्जिंगला लावून आली होती. मोबाईल नंबरच्या रकान्याशी आलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, आकडे मला येत न्हाईत, पर बोटाला येत्यात. बगा."

माझ्या टेबलाच्या काचेवर तिने अंगठा फिरवायला सुरुवात केली. पहिले आकडे सगळ्या गावाचे सारखेच असायचे. मधले मी विचारून विचारून नीट घेतले. तोवर दुकानात चार-पाच जण येऊन उभे राहिले होते, आणि माणसं बघत असली की माझी बोटं जास्त पळतात. हा माझा जुना दोष.

"आन शेवटाला डाव्या अंगानं शिडी उतरायची," भाभी म्हणाली. "वरनं खाली. तीन पायऱ्या."

तिचा अंगठा काचेवरून उतरला आणि त्याच वेळी माझं बोट नमपॅडच्या डाव्या रांगेवरून उतरलं. उभं असलेलं कुणीतरी वा म्हणालं. फॉर्मने नंबर पुन्हा मागितला, मी पुन्हा तसाच उतरलो.

मोबाईलवर एक वर असतो आणि सात खाली. नमपॅडवर सात वर असतो आणि एक खाली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तर दुकानात टायपिंग शिकायला येणाऱ्या पोरांना हे शिकवायचो. भाभीची शिडी होती एक, चार, सात. मी टाकलं सात, चार, एक. तेव्हा ओटीपी नव्हता, दोनदा सारखं टाकलं की फॉर्म पुढे जायचा.

निवड झाली की मेसेज येईल, असं मीच सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी मायलेकी दुकानात आल्या. मेसेज आला नव्हता. मी यादी उघडली. पहिल्याच यादीत मुलीचं नाव होतं. हजर व्हायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. मग मी फॉर्मची प्रत उघडली, आणि नंबराच्या शेवटच्या तीन आकड्यांवर माझी नजर थांबली.

"काका, मेसेज का नाही आला?" मुलीने विचारलं.

मी म्हणालो, "भाभींनी दाखवला तसाच नंबर टाकलाय."

यात एक शब्द खोटा नाही. म्हणूनच तो मला सुचला.

मुलगी आईकडे वळली. "अम्मी, स्वतःचा नंबर पण सांगता येत नाही तुला?" भाभी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

मुलीने पुन्हा फॉर्म भरला नाही. पुढच्या वर्षी तिचं गावातच लग्न झालं. आता ती एका दवाखान्यात केसपेपर काढते आणि पेशंटचे नंबर पुकारते. भाभीने आपला नंबर कुणाकडून तरी बांगड्यांच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून घेतला. कुणी विचारलं की झाकण उघडून दाखवते. अंगठा परत कधी फिरवला नाही. आणि मी नियम केला: नंबर कुणाच्या तोंडून घ्यायचा नाही, आधी माझ्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. गावात चेष्टा होते. लग्नपत्रिका छापायला गेलं तरी मिस्कॉल मागतो म्हणतात. नमपॅडला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही.

माझ्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. चहा निवला होता.

"म्हणजे भाभींना अजून वाटतं, चूक त्यांची?"

"हो."

"आणि त्यांच्या मुलीलाही?"

"तिलाही."

"मग कीबोर्ड नंतर घेऊ," ती म्हणाली आणि दुकानदाराला तसं सांगून आली.

बाजारच्या दिवशी सकाळीच मी भाभीच्या पालावर गेलो. तिने बसायला पोतं सारलं. "वैनीला व्हय? दोन-सहा," म्हणत हिरव्या बांगड्यांच्या माळेला हातही घातला. मी म्हणालो, बांगड्या नकोत, बोलायचंय. आणि सांगायला लागलो. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, कारण सांगायचं फार थोडं होतं. सोळा वर्षं जे मोठं वाटत होतं ते बोलायला चार वाक्यं लागली.

तिने माळ खाली ठेवली. "म्हंजी माझं बोट बरोबर हुतं?"

"बरोबर होतं."

"शिडी बरोबर हुती?"

"बरोबर होती. मी उलटी धरली."

"आन तवाच कळलं तुमाला?"

"तेव्हाच."

"आन बोलला न्हाई."

"नाही बोललो."

एक बाई लेकीला घेऊन आली. भाभीने त्या पोरीचा हात दाबला, माप काढलं, सहा-सहा बांगड्या भरल्या, एक फुटली ती बदलून दिली. मी पोत्यावर बसून होतो. उठून जावं असं एकदाही वाटलं नाही. त्या गेल्यावर भाभी म्हणाली, "मला सांगून निम्मंच झालं. तिला सांगा. माझ्यासमोर सांगा."

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मायलेकी दुकानात आल्या. मी परत तेच सांगितलं, या वेळी मुलीकडे बघून. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

"दाखवा," ती म्हणाली.

मी जुना कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. तिने त्या कोऱ्या नमपॅडची डावी रांग वरून खाली दाबली. स्क्रीनवर सात, चार, एक उमटले. मग स्वतःचा मोबाईल काढून शेजारी ठेवला आणि तशीच उतरली. एक, चार, सात. ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत होती.

"सोळा वर्षं मी हिला बोलतेय," ती म्हणाली. "भाजीत मीठ जास्त पडलं तरी नंबराचं काढते."

"लई वेळा," भाभी म्हणाली.

"काका, त्या दिवशी तुम्ही समोर होता. मी हिला बोलत होते तेव्हा."

"होतो."

"मी माफ वगैरे करणार नाही. निदान आज तर नाहीच."

"माफी मागायला बोलावलं नाही तुला. तुझ्या आईची चूक नव्हती, एवढंच सांगायचं होतं."

भाभीच मधे पडली. "आता दुसरं कायतरी शोद म्हणावं माझ्यावर घालायला. शुगर बगायचं मशीन हरवलंय, त्ये घाल."

"ते तूच हरवलंयस," मुलगी म्हणाली. मग कीबोर्डकडे हात करून मला विचारलं, "नवा घेताय ना? तुमची मुलगी दिवाळीत सांगत होती."

"घेतोय. नमपॅड नसलेला."

"का?"

का ते आता तिला माहीत होतं.

"मी दवाखान्यात दिवसभर त्याच्यावरच केसपेपरचे नंबर टाकते," ती म्हणाली. "एका हातात कागद धरायचा, दुसऱ्यानं आकडे. तुम्ही वरच्या रांगेत दोन्ही हात घालून बसता म्हणून तुमच्या दुकानात गर्दी असते. माझ्या पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म आहे महिन्यानं. तेव्हा नीट मोठा घ्या."

तिच्या बोलण्यात गोडवा नव्हता. पण बरोबर बोलत होती, आणि कामाचं बरोबर बोलणं मला कळतं. मी तिथूनच नगरला फोन लावला. मोठा, तपकिरी स्विचचा, सायीच्या रंगाचा.

पहिले आठ दिवस मला नमपॅड जड गेला. बोट पाचावर ठेवायचं, पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तिथून बाकीचे आपोआप सापडतात. हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. स्वतःला परत शिकवलं. आता वेग पूर्वीइतका आहे. तीन-चार टक्के जास्तच असेल, खोटं कशाला बोलू. आणि कुणी बघत उभं असलं की मी मुद्दाम हळू टाकतो.

महिन्याने भाभी नातीचे कागद घेऊन आली. नात मागच्या बाकावर बसली. नाव, शाळा, पत्ता झाला आणि मोबाईल नंबरचा रकाना आला. भाभीचाच नंबर द्यायचा होता. तिने तो आजवर बदललेला नाही. या वेळी पेटी आणली नव्हती. पेटी घरीच ठेवली म्हणाली.

मी माझा मोबाईल उघडून तिच्यापुढे धरला. "तुमचा नंबर यावर लावा."

तिने चष्मा वर सारला आणि अंगठा चालवला. मधे एकदा थांबली, डोळे मिटले, पुढे गेली. शेवटी डाव्या अंगाने खाली उतरली, तीन पायऱ्या, आणि हिरवं बटण दाबलं. दोन क्षण काही झालं नाही. मग तिच्या पिशवीत, कापडाच्या गुंडाळीत, फोन वाजायला लागला.

मी कट करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," भाभी म्हणाली. "वाजू द्या जरा."

तो वाजत असताना मी पाचावर बोट ठेवलं, आणि शेवटचे तीन आकडे खालून वर चढत टाकले.