नळीचा मान

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत सासरे माझ्याशी सगळं मिळून तासभर बोलले असतील. तेही 'बसा', 'घ्या', 'अजून घ्या' एवढंच. कुरुळीत त्यांचं घर, आधी शेती, मग चाकणजवळच्या एका कंपनीत नोकरी. बोलणं हा त्यांना रिकामा उद्योग वाटतो. पण आम्ही जेवायला बसलो की ते पातेल्यात पळी घालून मटणातली नळी हुडकून काढायचे, आतला ऐवज सैल व्हावा म्हणून माझ्या ताटाच्या काठावर दोनदा ठक-ठक आपटायचे आणि माझ्यापुढं ठेवायचे. पंगतीला पुतणे, भाचे, पाव्हणे कितीही असोत, नळी थोरल्या जावयाची. तो माझा मान होता, आणि मी तो आवाज करत चोखून खाल्ला.

बाकीचं खाणंही त्या मानाला शोभेसंच होतं. रविवारी मटण, बुधवारी चिकन, शुक्रवारी मासे आणि मधल्या दिवसांची समजूत काढायला अंडी. भाजी म्हणजे मटणाशेजारचा कांदा, असं माझं साधं तत्त्वज्ञान.

मग एका सकाळी, पहिल्या शिफ्टला निघताना, उजवा पाय सेफ्टी शूजमध्ये जाईना. अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला होता आणि चादर लागली तरी जीव जात होता. तरी मी डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात स्लिपर घालून चिंचवडहून कंपनीत पोहोचलो. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, डावा पाय आत जाऊ द्या. उजवा बाहेर ठेवा." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी युरिक ॲसिडचा रिपोर्ट बघून मटण किती खाता असं विचारलं. मी जरा अभिमानानंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं तेवढं पुष्कळ झालं. आता डाळी, भाज्या, भाकरी. अंडं कधीतरी."

मटण सोडणं एकवेळ जमतं, पण ते लोकांना पटवणं जमत नाही. आपल्याकडं कुणी भाजी खाल्ली की त्याला वार लागतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, नाहीतर चतुर्थी, एकादशी, श्रावण. बुधवारी, काही कारण नसताना, कॅन्टीनमध्ये वेजच्या रांगेत उभा राहिलेला माणूस म्हणजे संशयित. माझ्या लाइनवरचा एकजण चिकनची प्लेट घेऊन खास चालत आला आणि म्हणाला, "राव, चुकीच्या रांगेत उभा हायस. आज बुधवार." दुसऱ्यानं घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. शेवटी मी नवस बोललोय असं ठोकून दिलं. तेव्हा कुठं सगळ्यांनी आदरानं माझ्या ताटातल्या दोडक्याकडं बघितलं.

घरी बायको सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करायची. तो दिसायला थेट मटण, आणि चावल्यावर ओला स्पंज. त्या फसवणुकीपेक्षा दोडका परवडला, निदान तो दोडकाच असतो. हळूहळू मेथीचं गरगटं, हुलग्याचं माडगं, भरली वांगी जिभेला चढली. अंगठाही बुटात जाऊ लागला. पण कुरुळीला मी काही कळवलं नव्हतं. सासऱ्यांना काय सांगणार? आमच्यात जे काही होतं, ते त्या नळीवरच तर चाललं होतं.

तेवढ्यात आखाड लागला. श्रावणाआधी जावयाला मटणाला बोलवायचे हे दिवस. सासऱ्यांचा फोन आला, "कधी येताय?" मी म्हणालो, ओव्हरटाइम आहे. पुढच्या रविवारी सेकंड शिफ्ट लावून घेतली. बायको म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना." मी म्हणालो, तू सांग. ती म्हणाली, "नळी तुमची. तुमचं तुम्ही बघा."

आठवड्यानं सासूबाईंनी तिला फोनवर विचारलं, थोरले अजून रुसलेत का? मग उलगडा झाला. माझा अंगठा सुजायच्या आधी, गावच्या जत्रेत नळी धाकट्या जावयाच्या ताटात पडली होती. हा ताथवड्यात राहतो, कंप्युटरवर काम करतो आणि नळी चमच्यानं कोरून खातो. सासऱ्यांनी हिशोब लावला की मी तेव्हापासून तोंड फिरवलंय. मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर जत्रेत मला ते चांगलंच लागलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात सासरे. लग्नपत्रिका हातात असल्याशिवाय हा माणूस कधी आमच्या फ्लॅटवर आला नव्हता. आज हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाव्हणं, जत्रंत चुकलं. पळीत काय आलं ते दिसलंच न्हाई." मग त्यांनी डबा उघडला. तर्रीत शेजारी शेजारी चार नळ्या. "एकबी कुणाला दिली न्हाई."

मी म्हणालो, "मामा, मी मटण सोडलंय."

ते विचारात पडले. "आज वार कोणता?"

"रविवार."

"मंग?"

मग मी सगळं सांगितलं आणि पाय पुढं करून अंगठाही दाखवला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. "नळ्यांनी झालं व्हय हे?"

"नुसत्या नळ्यांनी नाही हो. सगळ्यानंच."

"पर सतरा वरसं मीच घातल्या की."

ते रागावतील, हसतील, डॉक्टरला शिव्या घालतील, एवढं मी धरून चाललो होतो. त्यांना अपराधी वाटेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी कायकाय बोलत राहिलो. त्यांनी डब्याला झाकण लावलं, चहा अर्धा ठेवला आणि डबा घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं. अंगठा सुजला तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. आखाडाचा शेवटचा रविवार उरला तेव्हा मीच केला. "मामा, उद्या जेवायला येतोय."

"काय खाणार?"

"तुम्ही घालाल ते."

"आता तसं म्हणू नगा," ते घाबरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. माझ्या शेजारी धाकटे जावई. मटणाचं पातेलं आलं, आणि त्यामागं सासरे स्वतः एक लहान पातेलं घेऊन. मटणाच्याच काळ्या मसाल्यातली शेवग्याच्या शेंगांची आमटी. सासूबाई म्हणाल्या, शेंगा चाकणच्या बाजारातून त्यांनीच एकेक निवडून आणल्यात. सासरे माझ्यापुढं बसले, पळी घालून तळापर्यंत हुडकलं, एक जाडजूड शेंग वर काढली आणि सवयीनं माझ्या ताटाच्या काठावर दोनदा आपटली. शेंगेचा आवाज कसला येतोय? सगळा रस्सा माझ्या शर्टावर उडाला.

"घ्या," ते म्हणाले. मग स्वतःच्या ताटातही एक घेतली. "हिलाबी चोखावंच लागतंय."

आम्ही दोघं चोखत बसलो. ताटाच्या कडेला चोथ्याची रास वाढत गेली. "अजून घ्या," ते म्हणाले, आणि मी घेतली. शेजारी धाकट्या जावयाच्या ताटात नळी आली होती, आणि तो चमचा हातात धरून माझ्या ताटाकडं बघत होता.