मेहुण्यांचे ठोके

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका आज्ञाधारक माणूस अख्ख्या पेण तालुक्यात शोधून सापडणार नाही. हे वाक्य मी हमरापुरात भर नाक्यावर उच्चारलं, तर लोक मला आधी सावलीत बसवतील, पाणी पाजतील आणि मग रोह्याला फोन करून घरच्यांना बोलावून घेतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. कारण या माणसाने वडिलांचं ऐकलं नाही, मास्तरांचं ऐकलं नाही, आणि डॉक्टर काही सांगू लागले की हे खिडकीबाहेर बघत. माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सांगते की लहानपणी त्यांना कुणी ‘दादा, जेवायला ये’ म्हटलं की ते हटकून उपाशी राहायचे. जेवू नको म्हटलं तरच जेवायचे. असा हा माणूस साठी उलटल्यावर एकाएकी सुतासारखा सरळ झाला, आणि तो कुणा महाराजांच्या कृपेने नव्हे, तर मनगटावरच्या एका काळ्या चौकोनी घड्याळामुळे.

दादांचा धंदा गणपतीचा. हमरापुरात तसा घरोघरी कारखाना आहे, पण दादांचं खरं काम डोळ्यांचं. मूर्ती घडवायला, घासायला, रंगवायला कुणीही असो, डोळ्यांची आखणी मात्र दादांच्या हातची. श्वास रोखून ते एक रेघ ओढतात आणि इतका वेळ नुसता मातीचा असलेला देव आपल्याकडे बघायला लागतो. वर्षानुवर्षं हे काम त्यांनी मांडी घालून, गालात तंबाखू ठेवून आणि कपामागून कप चहा पीत केलं. मग एका शिमग्यात छातीत कळ आली. पनवेलला नेऊन आत स्प्रिंग टाकली. नाशिकला नोकरी करणारी त्यांची एकुलती एक लेक शीतल धावत आली, आणि जाताना बापाच्या मनगटावर ते घड्याळ बांधून, त्याची गाठ स्वतःच्या फोनशी घालून गेली. बापाचे ठोके, झोप, चालणं, सगळं तिला तिथे बसल्या जागी दिसणार होतं. ‘बाबा, ह्याने सांगितलं म्हणजे मी सांगितलं,’ एवढंच ती म्हणाली. दादांनी त्याच दिवशी तंबाखूची डबी कौलांवरून भिरकावून दिली. ती शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडली आणि तिथून वेगळं भांडण सुरू झालं, पण ते असो.

त्या दिवसापासून घड्याळ म्हणेल ती पूर्व दिशा. घड्याळाने ‘उठा’ म्हटलं की दादा उठतात, मग ते पंगतीत असोत, एसटीत असोत की कुणाच्या दुखवट्याला गेलेले असोत. एकदा कासूला पुतणीच्या लग्नाची बैठक होती. मुलाकडच्या थोरल्या काकांनी मांडीवर थाप मारून ‘लग्न आमच्याच दारात होईल’ असं ठासून सांगितलं आणि नेमकं तेव्हाच घड्याळाने दादांना चिमटा काढला. दादा ताडकन उभे राहिले. चेहरा भयंकर गंभीर, कारण घड्याळावरची बारीक अक्षरं वाचायला त्यांना भुवया आक्रसाव्या लागतात. बैठकीत कुणाचा कप बशीत टेकेना. मुलाचे काका घाईघाईने म्हणाले, ‘बसा हो, बसा! तुमच्या दारात करू. आमचं काय, नाय म्हणतोय का आम्ही?’ पुतणीचं लग्न हमरापुरात झालं, आणि आपण काय जिंकलो ते दादांना अजून कळलेलं नाही. ‘मी पाय मोकळे करायला उठलो व्हतो,’ असं ते आजही सांगतात.

चालण्याचंही तसंच. पावसाळ्यात बाहेर चिखल, म्हणून ते कारखान्यातच चालतात. ओल्या रंगाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात छातीशी घेऊन, तिरके तिरके, गणपतींच्या रांगांमधून त्यांची फेरी चालते. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईंनी हे बघितलं आणि त्यांना नमस्कार केला. एवढी प्रदक्षिणा घालणारा मूर्तिकार त्यांना कुठे मिळाला नव्हता. जेवणाचा फोटो रोज नाशिकला जातो. त्यात भाकरी, पालेभाजी, काकडी असं सगळं शहाण्यासारखं मांडलेलं असतं, आणि भाजलेला पापड फोटोच्या चौकटीबाहेर दबा धरून बसलेला असतो. सकाळी मला रोह्याला फोन. ‘पावणे, झोप कशी झाली?’ चांगली झाली म्हटलं तर त्यांचं समाधान होत नाही. ‘तसं नाय. खोल झोप किती?’ मी एकदा ‘विहिरीएवढी’ असं म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. स्वतः मात्र एकदा पहाटे ताजेतवाने उठले, अंगणात गुणगुणत फिरले, मग घड्याळात बघितलं तर झोप वाईट झाल्याचं कळलं. बिचारे परत जाऊन दुपारपर्यंत आडवे झाले.

या सगळ्या भक्तीला एकच अपवाद होता, तो आखणीचा. रेघ ओढताना डावा हात उजव्या मनगटाला आधार देतो, आणि त्या डाव्या हातात घड्याळ थरथरलं की ब्रश हलतो. बरं, काढून ठेवावं तर नाशिकच्या फोनवर ठोके दिसेनासे होतात आणि शीतलचा फोन येतो. यावर दादांनी तोडगा काढला होता. आखणी चालू असेपर्यंत घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात घालायचं. बहुतेक वेळा वहिनींच्या. त्यामुळे देवाचे डोळे उघडत असताना नाशिकला वहिनींचे भाकऱ्या थापतानाचे ठोके पोचत, आणि शीतल खूश असे.

त्या वर्षी आमच्या आळीच्या मंडळाचा गणपती माझ्याच शब्दावर दादांकडे होता. तो न्यायला मंडळाचा टेम्पो आणि मंडळाची माणसं सकाळीच हमरापूरला पोचली होती, आणि मी गाडीने मागून गेलो. मूर्ती चांगली उंच. पिंपांवर फळी टाकून दादा वर उभे होते आणि उजवा डोळा नुकताच उघडला होता. मी काहीतरी चेष्टेचं बोलणार तेवढ्यात दादा खाली उतरले. शिडीची शेवटची पायरी त्यांना पायाने चाचपावी लागली. कपाळावर घाम होता, पण ओठ कोरडे दिसत होते. वहिनी चुलीपाशी गुंतल्यामुळे आज हातातच राहिलेलं घड्याळ त्यांनी सोडलं आणि माझ्यापुढे धरलं.

‘हे घाला.’

‘दादा, काय होतंय तुम्हाला?’

‘छातीत फडफडतंय. मगासपासून. आता हे बोंबलंल, त्याच्या आत घाला. तुमचे ठोके चांगले हायत, ते पोरीला दिसू देत.’

‘आधी पेणला जाऊ. टेम्पो दारात आहे.’

‘जाऊ की. डावा डोळा झाला की जाऊ.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘एका डोळ्याचा देव ठेवून मी उठणार नाय, पावणे. ज्याने एक उघडला त्यानंच दुसरा, आणि त्याच बैठकीला. आमच्या घरात आजवर असंच झालंय. मी परत नाय आलो तर ह्याला कुणी हात लावायचा नाय.’

आणि ते पुन्हा फळीवर चढले. मी खाली स्टुलावर, मनगटावर त्यांचं घड्याळ. ओरडावं तर ते दचकून पडतील, गप्प बसावं तर काय होईल ते देवच जाणे, आणि देवाचा तर एकच डोळा उघडा. आत वहिनी मंडळाच्या माणसांसाठी पोहे परतत होत्या, त्याचा खमंग वास येत होता. वर दादांचा ब्रश हवेतच थांबला होता. हात स्थिर होईपर्यंत ते टेकवत नव्हते, आणि तो होत नव्हता. मी घड्याळात बघितलं. आकडा वाढत होता. मी म्हटलं शांत हो बाबा, तुझ्या शांतपणावर हा सगळा कारभार चाललाय. मग मी डोळे मिटून आमच्या कुंडलिका नदीचं संथ पाणी आठवायला लागलो. आकडा आणखी वाढला. माझ्या आयुष्यात मी इतक्या मनापासून शांत व्हायचा प्रयत्न कधी केला नव्हता, आणि तो इतका वाया गेला नव्हता.

रंगाच्या वाट्यांजवळ पडलेला दादांचा फोन वाजला. मी झडप घालून उचलला.

‘बाबा! बसल्या जागी ठोके एवढे कशाला वाढलेत?’

‘शीतल, मी काका बोलतोय रोह्याचे. ते ठोके माझे आहेत.’

तिने अगदी हळू विचारलं, ‘मग बाबांचे कुठे आहेत?’

मी तिला सगळं सांगून टाकलं. माझा आवाज चढला असावा, कारण हातात उलथनं घेऊन वहिनी बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातलं घड्याळ बघितलं, वर नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना काही विचारायची गरज पडली नाही.

‘उतरा अवो खाली! तुमचेच डोळे मिटले तर ह्याचा डोळा घेऊन मी काय करू?’

दादा हलले नाहीत. वहिनींचं ओरडणं आणि पोरीचा फोन, दोन्ही त्यांना ऐकू येत होतं; त्यांची मान तेवढी खाली गेली. शीतल म्हणाली, ‘काका, मला दाखवा.’ मी व्हिडिओ चालू करून फोन वर धरला. तिने बाप बघितला, तो एकटा उघडा डोळा बघितला. ती याच कारखान्यात, याच वाट्यांमध्ये बोटं बुडवत वाढलेली पोर. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने आधी आईला टेम्पो चालू करून ठेवायला सांगितलं आणि पेणच्या डॉक्टरांना मी कळवते म्हणाली. मग म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आत्ता उतरणार नाही, मला माहीत आहे. पण श्वास रोखायचा नाही. मी घेते तसा घ्या. सोडताना रेघ ओढा.’

‘सोडताना हात हलतो गो.’

‘हलू दे. घ्या.’

आणि ती फोनवर मोठ्याने श्वास घ्यायला लागली. आत, बाहेर. आत, बाहेर. नाशिकच्या कुठल्याशा ऑफिसात लोक तिच्याकडे बघत असतील, तिला त्याची शुद्ध नव्हती. वहिनी तिच्याबरोबर श्वास घेत होत्या, मीही घेत होतो, दारात जमलेली मंडळाची माणसंही नकळत घेत होती. आजवर श्वास सोडत एकही रेघ न ओढलेल्या दादांनी लेकीच्या श्वासावर ब्रश टेकवला. वरची पापणी. मग थांबले. मग खालची. मग बुबुळ. ब्रश वाटीत ठेवला आणि मुकाट्याने, एखाद्या शाळकरी मुलासारखे, खाली उतरून टेम्पोत जाऊन बसले.

पेणला डॉक्टरांनी तपासलं. ठोक्यांची लय बिघडली होती. आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं, असं ते म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना एकत्रितपणे झापलं. दादांना ठेवून घेतलं. शीतल आली, तिने उरलेल्या मूर्तींची आखणी स्वतः केली. दादा घरी आले ते औषधांची पिशवी आणि फळीवर न चढण्याची ताकीद घेऊन. पुढल्या वर्षी डोळे काढता येतील का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी ते वहिनींबरोबर रोह्याला आले, आमच्या आळीचा गणपती बघायला. मांडवात गर्दी होती. ‘डोळे काय जिवंत आहेत हो!’ असं जो तो म्हणत होता, आणि मी मेहुण्यांच्या वतीने उगाच फुलत होतो. दादांनी हातसुद्धा जोडले नाहीत. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग मला कोपराने जवळ ओढून म्हणाले, ‘डावा बघा. घाबरलाय तो.’

मी बघितलं. मला तर दोन्ही डोळे सारखेच प्रेमळ दिसले. तसं मी म्हणालोही.

‘तुम्हाला नाय दिसायचं. मी तो काढला तवा मला वाटलं, हा आपला शेवटचा. एवढे डोळे काढले, पण भिऊन काढलेला हा एकच.’

हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, बायकोलाही नाही. मी म्हणालो, ‘दादा, त्या दिवशी मीही फार भ्यालो होतो.’

‘ते नाशकात दिसलं की सगळ्यांना,’ असं म्हणून ते हसले, पण नजर मूर्तीवरून हलली नाही. ‘विसर्जन उद्याच ना?’

‘उद्या संध्याकाळी.’

‘मग मी बसतो आज त्याच्यापाशी. एकटा ऱ्हायला नको तो.’

मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची त्यांनी अगदी पुढे, मूर्तीच्या डाव्या अंगाला ओढून घेतली आणि ते बसले. मी दुसरी आणली आणि त्यांच्या शेजारी बसलो.