विकलेल्या गाडीचा आवाज

मंडळी, गेल्या आठवड्यात आमची जुनी गाडी खालच्या मजल्यावरच्या देशपांड्यांना विकली. आज सकाळी पार्किंगमधून खर्रकन आवाज आला. आधी पहिला गिअर टाकल्याशिवाय तिचा रिव्हर्स पडत नाही. हे त्यांना माहीतच नाही.

मला एकदम बाबा आठवले. नव्वद सालाच्या आसपास, इथेच पनवेलमध्ये, त्यांनी आमची सेकंडहँड गाडी समोरच्या म्हात्रेकाकांना विकली होती. रोज सकाळी काका स्टार्टर मारत बसायचे आणि बाबा गालाला दाढीचा साबण तसाच ठेवून गॅलरीत पुटपुटायचे, "अहो, चोक अर्धाच ओढा!"

आई म्हणायची, "मग जाऊन सांगा की त्यांना."

"आता सांगितलं तर म्हणतील, खोट लपवून गळ्यात मारली."

बाबा खाली जाऊन धक्का मारायचे, पण चोकचं सांगायचे नाहीत. शेवटी काकांनी गाडी भंगारात काढली. "दम नाय राहिला हिच्यात," ते म्हणाले. बाबांनी मान डोलावली आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत ती चढवायलाही धक्का मारला.

खाली पुन्हा खर्रकन झालं. मी पडद्याआड उभा आहे. तुम्ही गेला असतात का हो खाली?